‘आलोच’ म्हणजे नक्की किती वाजता?

“मॅडम, एकच विचारायचंय. नोकरी सोडू का?”

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी हा प्रश्न टाकला. नोकरी करून लिहिणारी माणसं माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात तेव्हा बहुतेक वेळा पहिलं वाक्य असंच काहीतरी असतं. हे गृहस्थ चाळिशीच्या उंबरठ्यावरचे. हिशेब विभागात नोकरी, पत्नीही नोकरी करणारी, मुलगी सात वर्षांची. एक कथासंग्रह आलेला, आणि कादंबरी तीन वर्षं सातव्या प्रकरणात रुतून बसलेली. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) दिवस ऑफिसात जातो, संध्याकाळ घरात जाते आणि रात्री जागून लिहिलेलं सकाळी वाचवत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

नोकरीच्या प्रश्नाला मी लगेच हात घातला नाही. झोप, भूक, मन उदास राहणं, कशातच रस न वाटणं याची चौकशी आधी केली. कारण कधी कधी ‘लिहून होत नाही’ यामागे नैराश्य असतं, आणि मग वेळापत्रकं आखत बसण्यात अर्थ नसतो. इथे तसं दिसलं नाही. माणूस थकलेला होता, एवढंच. तेव्हा हिशेबाच्या माणसाला हिशेबच मागितला: आठवडाभर, दर अर्ध्या तासाला काय केलं त्याची नोंद.

वही घेऊन आले तेव्हा ‘लेखन’ या रकान्यात चौदा तास होते. मी विचारलं, “यात शब्द किती झाले?” मोजून सांगितलं, साधारण नऊशे.

दोघंही थोडा वेळ त्या आकड्याकडे बघत राहिलो. मग एकेक रकाना उलगडला. चौदातले पाच-सहा तास सोफ्यावरचे होते. शेजारी मुलगी गृहपाठ करतेय, यांच्या हातात फोन, फोनवर कादंबरीची फाइल उघडी. दोन ओळी लिहायच्या, मुलीला ‘हं’ म्हणायचं, ऑफिसचा मेल आला की तिकडे जायचं, तिथून कुणाला कुठला पुरस्कार मिळाला ते वाचायचं. उरलेले तास रात्री साडेअकरा ते दीडचे. झोप जेमतेम साडेपाच तास. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी, हे त्यांनाही माहीत होतं. माहीत सगळ्यांनाच असतं.

सोफी लेरॉय या संशोधिकेने 2009 मध्ये दाखवलं होतं की एक काम अर्धवट टाकून माणूस दुसऱ्याकडे वळला, की लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो आणि दुसरं काम त्या प्रमाणात ढिलं होतं. आमच्या सोफ्यावर तर तीन कामं एकमेकांत अडकली होती: मेल, मुलगी आणि सातवं प्रकरण.

इथे मी एक चूक केली, तीही सांगते. “पहाटे पाचला उठून बघा,” असं सुचवलं. त्यांना ते एकदम पटलं, कारण त्यांचा आदर्श अँथनी ट्रॉलप. एकोणिसाव्या शतकातला हा इंग्रज कादंबरीकार पोस्टात नोकरी करायचा, पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना 250 शब्द लिहायचा. नोकरी सोडली ती 1867 मध्ये, तेहेतीस वर्षांनी. आमचे गृहस्थ चार दिवस पाचला उठले. पाचव्या दिवशी बंद. घर लहान, दिवा लागला की मुलगी जागी व्हायची, मग तिला पुन्हा निजवायला पत्नीला उठावं लागायचं. ट्रॉलपच्या गोष्टीतला एक भाग सांगायचा राहून जातो. त्याला उठवायला एक म्हातारा नोकर होता आणि त्या कामाचे त्याला वेगळे पैसे मिळत, हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. यांच्या घरी ते काम पत्नीच्या वाट्याला आलं, न विचारता. आणि सल्ला देताना मीही ते विचारलं नव्हतं.

म्हणून पुढच्या भेटीला दोघांना बोलावलं. माझी अपेक्षा होती की त्या म्हणतील, याने लिहिणं कमी करावं. त्या म्हणाल्या भलतंच.

“लिही ना. मी कधी नको म्हटलंय? मला त्रास होतो तो ‘आलोच’चा. जेवायला हाक मारली, की ‘आलोच’. हिला झोपवायचंय, ‘आलोच’. ते पाच मिनिटांचंही असतं आणि पन्नास मिनिटांचंही. मी काय करायचं तेवढ्यात? वाटच बघायची. तू लिहीत असतोस तेव्हा मी कामावर असते.”

ते काही बोलले नाहीत. वही मात्र काढली आणि काहीतरी लिहून घेतलं. लेखकांची ही सवय मला कधी गमतीची वाटते, कधी चीड आणते. त्या दिवशी दोन्ही वाटलं.

लिहिणारे सगळे सुरू करायची वेळ ठरवतात. घरातल्यांना उपयोग असतो तो संपायच्या वेळेचा. ती नक्की कळली की समोरचा माणूस तेवढ्या वेळात आपलं काही ठरवू शकतो. त्या बैठकीत ठरलं ते एवढंच: आठवड्यातून तीन संध्याकाळी लेखन, बेडरूमचं दार लावून, आणि फ्रिजवरच्या कागदावर संपायची वेळ. सव्वानऊ लिहिलं तर सव्वानऊला दार उघडायचं, वाक्य अर्धं असलं तरी. बाकीचे दिवस फाइल उघडायची नाही, आणि फोनवरून ती काढूनच टाकायची.

“अर्ध्या वाक्यात कसं उठणार?” हा त्यांचा खरा विरोध. त्यावर लेरॉयच्याच पुढच्या कामातला, 2018 मधला, उपाय सांगितला. उठण्याआधी मिनिटभर घेऊन कुठवर आलो आणि परत बसल्यावर पहिलं काय करायचं, हे लिहून ठेवायचं. डोकं मग ते काम सोडायला तयार होतं. पहिल्या आठवड्यातली त्यांची चिठ्ठी मी पाहिली: “म्हातारा दारापाशी. किल्ली सापडत नाही. सापडू द्यायची नाही.”

पत्नीला विचारलं, तुम्हाला काय हवंय? त्यांनी बराच वेळ घेतला. “दोन तास. ज्यात मला कुणी काही विचारणार नाही.” रविवारची सकाळ त्यांची झाली.

नोकरीचा प्रश्न पाचव्या भेटीत परत निघाला. नोकरी सोडून लिहिणं मला चूक वाटत नाही. फक्त किती महिन्यांचा खर्च बाजूला आहे, कर्जाचा हप्ता कोण भरणार आणि लेखनाने गेल्या दोन वर्षांत काय दिलं, हे तीन आकडे मी कागदावर मागते. त्यांनी तिथेच मांडले आणि स्वतःच हसले. दोन वर्षांच्या मानधनात दोन हप्तेही बसत नव्हते. शिवाय त्यांचं भांडण ऑफिसशी नव्हतंच, ते घरातल्या सोफ्यावर होतं. राजीनामा दिला असता तरी सोफा तिथेच राहिला असता. ऑफिससाठी दोनच गोष्टी सांगितल्या: बाहेरच्या उत्पन्नाबद्दल नियुक्तीपत्रात काय लिहिलंय ते वाचा, आणि कादंबरी ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नका.

चार महिन्यांनी शेवटची भेट झाली. मध्ये वर्षअखेरीचे हिशेब आले तेव्हा तीन आठवडे एक ओळही झाली नव्हती. कागदावर दोनदा वेळ चुकली, त्यावरून एकदा मोठं भांडणही झालं. कादंबरी आठव्या प्रकरणात होती.

निघताना मी पत्नीच्या रविवारबद्दल विचारलं.

“जाताना फ्रिजवर वेळ लिहून जाते,” ते म्हणाले. “साडेअकरा लिहिलं की साडेअकराला दारात. कुठे जाते, ते मी विचारत नाही.”