वनस्पतींच्या मत्स्यटाकीत कोणती गोगलगाय ठेवावी?

प्रश्न : आमच्या दोन फुटी मत्स्यटाकीत व्हॅलिसनेरिया आणि अनुबियास लावले आहेत. काचेवर शेवाळ साचते. झाडे न खाणारी गोगलगाय कोणती? तलावातून आणलेली चालेल का? — एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : माझी पहिली पसंती नेराइटला आहे. ती काचेवरचे आणि पानांवरचे शेवाळ खरवडून खाते, निरोगी पानांना तोंड लावत नाही, आणि तिची अंडी गोड्या पाण्यात वाढत नसल्यामुळे संख्या आटोक्यात राहते. मात्र लाकडावर चिकटलेले अंड्यांचे पांढरे ठिपके सहजी निघत नाहीत. मिस्टरी गोगलगायही चालेल, पण विकत घेताना जपावे, कारण तिच्यासारखीच दिसणारी कॅनॅलिक्युलाटा ही जात कोवळी झाडे फस्त करते. तलावातील किंवा धानाच्या बांध्यांतील मोठी गोगलगाय मात्र आणूच नये. तीही पाणवनस्पती खाते, शिवाय तिच्यासोबत परजीवी येऊ शकतात.

नागपूरच्या उन्हाळ्याचा विचार अवश्य करावा. पारा 45 अंशांजवळ जातो तेव्हा टाकीचे पाणीही तापते आणि त्यातील प्राणवायू घटतो. म्हणून टाकी उन्हाच्या खिडकीपासून दूर ठेवून पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा येऊ द्यावा. बोअरवेलचे जड पाणी शंखाला पोषक असते, आम्लधर्मी पाण्यात तो झिजतो. तांबे असलेले माशांचे औषध या टाकीत कधीही घालू नये, कारण गोगलगायींना ते विषारी आहे. नको झालेल्या गोगलगायी फुटाळा किंवा अंबाझरी तलावात न सोडता दुकानदाराला परत द्याव्यात.