बूच लावलं का?

सीझन तोंडावर आला की या सदराकडे येणारी पत्रं एकाच सुराची असतात, बोट पाण्यात उतरवायचीय आणि हातपाय गार पडलेत. यावेळी तीन घेतलीत. पहिल्याचं उत्तर फारच लांबलंय, बाकीच्या दोघांनी राग मानू नये.

प्रश्न: ताई, नमस्कार. आमची साडेपाच मीटरची बोट आहे, मागे बाहेरून बसवलेलं इंजिन म्हणजे आउटबोर्ड, ट्रेलरवरून नेतो. तीन सीझन झाले, एकदा पाण्यात गेली की मी मजेत असतो पण वर्षातली पहिली उतरवणी म्हटलं की आठवडाभर आधीपासून पोटात गोळा. आदल्या रात्री झोप नाही, सकाळी सगळ्यांवर चिडचिड. गेल्या वर्षी रॅम्पवर, म्हणजे पाण्यात जाणाऱ्या सिमेंटच्या उतारावर, ट्रेलर तीनदा वाकडा गेला, मागे चार गाड्या थांबलेल्या, बायको ओरडतेय डावीकडे डावीकडे आणि मी भलतीकडेच वळवतोय, शेवटी कशीबशी बोट उतरली तर तळातलं पाणी काढायच्या भोकाचं बूच लावायचंच राहिलं होतं, आत घोटाभर पाणी! त्या दिवशी आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत एकमेकांशी बोललो नाही. मुलगी म्हणते बाबा विकून टाका ती बोट. विकू का?

उत्तर: विकू नका हो, निदान बुचासाठी तरी नको. मी स्वतः एकदा बूच विसरलेय, आणि ते हरवलं वगैरे नव्हतं, माझ्या पँटच्या खिशात होतं, बोटीत पाणी भरत असताना मी त्याच खिशात हात घालून उभी होते. तेव्हापासून सीझन संपला की बूच काढते ते थेट इंजिनाच्या चावीच्या रिंगमध्येच अडकवते, म्हणजे पुढच्या वेळी चावी हातात घेतली की बूच हाताला लागणारच. आठवण ठेवायची भानगडच नाही. विसरणं हा माणसाचा धर्म आहे, त्याच्याशी भांडण्यापेक्षा रिंग बरी.

आता तुमच्या त्या गोळ्याबद्दल. मला वाटतं तुम्ही पाण्याला घाबरत नाही, रॅम्पलाही नाही. बोट पाच-सहा महिने झाकून पडलेली असते, आत काय झालंय ते माहीत नसतं, बॅटरी धरेल का, पेट्रोल चालेल का, इंजिन थंड ठेवणारा पंप पाणी ओढेल का, ट्रेलरची चाकं नीट आहेत का, मला रिव्हर्स जमेल का, आणि या सगळ्याची परीक्षा तुम्ही एकाच दिवशी, उतारावर, दहा मिनिटांत, चार गाड्या बघत असताना देताय. कुणाचीही झोप उडेल. गोळ्या घेऊन किंवा दीर्घ श्वास घेऊन हे जाणार नाही, पेपर वेगवेगळ्या दिवशी द्यायला लागतील.

बॅटरीचा पेपर घरी. चार्ज करा, चार्जर काढून काही तास तशीच ठेवा आणि मग मीटर लावा, १२ व्होल्टच्या साध्या लेड-ॲसिड बॅटरीला १२.६ च्या वर दिसलं तर पोट भरलेलं, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जवळपास उपाशी. चार्जरवरून काढल्या काढल्या मोजलं तर आकडा खोटा चांगला येतो, बरेच जण तिथेच फसतात.

इंजिनचा पेपरही घरीच. पाणी ओढायच्या जाळीवर ते कानाला लावायच्या हेडफोनसारखं दिसणारं रबरी फ्लशर मिळतं ते बसवा, बागेचा पाइप जोडा, पाणी सोडा आणि मगच इंजिन चालू करा, आणि लो आयडलवरच, म्हणजे अगदी मंद, बरं का, रेस करायची नाही आणि प्रॉपेलरच्या जवळ कुणी उभं राहायचं नाही. मागून पाण्याची बारीक धार दमदार यायला हवी. आली नाही तर लगेच बंद. आत पंपात रबराचं पंख्यासारखं इम्पेलर असतं, महिनोन्महिने एकाच जागी दाबून बसलं की त्याच्या पात्यांना बाक येतो, रबर कडक होतं, आणि कोरडं फिरलं तर थोड्याच वेळात फाटतं. त्यामुळे 'जरा एकदा स्टार्ट करून बघू' म्हणून पाण्याशिवाय चालवणारे लोक जे तपासायला निघालेले असतात तेच मोडून ठेवतात. पेट्रोल जुनं असेल आणि त्यात इथेनॉल असेल तर ते हवेतला ओलावा ओढतं, पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि नळी पण तळातूनच ओढते ना. शंका असली तर काढून नवीन भरा, यात काटकसर करू नका.

ट्रेलर उलटा घेण्याचा सराव मात्र बोटीच्या दिवशी करायचाच नाही. रिकाम्या मैदानात जा, दोन बादल्या ठेवा आणि तासभर फक्त तेच. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा, मग हात ज्या बाजूला न्याल त्याच बाजूला ट्रेलरचं बूड जातं, डोक्यात उलटसुलट गणित करावं लागत नाही. थोडं थोडं फिरवायचं. ट्रेलर जितका आखूड तितका तो पटकन वळतो, म्हणून छोटी बोटवाले जास्त घाम गाळतात, तुमचं काही वेगळं नाहीये. आणि वाकडा गेलाच तर मागे रेटत सुधारत बसू नका, सरळ पुढे या, पुन्हा सुरुवात. पुढे येणं म्हणजे हरणं नाही, रोज बोट उतरवणारी माणसंसुद्धा पुढे येतात.

पोचल्यावर सरळ रॅम्पवर जायचं नाही, वरच थांबायचं, आणि थांबायला एक कारणही आहे. रस्त्यावरून आल्यावर चाकांचे हब, म्हणजे बेअरिंग असतं ते मधले भाग, तापलेले असतात, तसेच पाण्यात घातले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं, मग बेअरिंग गंजतं आणि परतीच्या रस्त्यात कधीतरी जाम होतं. हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. त्या वेळेत मागचे पट्टे सोडा, इंजिन वर उचललेलं आहे ना बघा, दोर आणि फेंडर (बोट धक्क्याला घासू नये म्हणून लावायच्या गाद्या) बांधा, ट्रेलरच्या लाइटचा प्लग काढा, लाइफ जॅकेट अंगात घाला, बूच लावा. पुढचा विंचचा (बोट ट्रेलरवर ओढून धरणाऱ्या हँडलच्या चरखीचा) पट्टा आणि साखळी मात्र बिलकुल सोडायची नाही, ती पाण्याच्या काठाशी गेल्यावर. वरच सोडून उताराला लागलेल्यांच्या बोटी घसरून सिमेंटवर आपटल्यात, आणि तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. विंचचा खटका सोडताना हँडल घट्ट धरा, भार असताना ते गरागरा फिरतं आणि मनगट मोडतं.

हे सगळं करूनही बूच राहिलंच तर काय होतं ते एकदा हिशेबात बघून टाकू, भीती जरा कमी होते. एक इंचाचं भोक पाण्याखाली फूटभर असेल तर मिनिटाला साधारण ४० लीटर पाणी आत येतं. म्हणजे बोट लगेच बुडत नाही, पण पाच मिनिटांत २०० लीटर, म्हणजे २०० किलो, आणि ते सगळं मागे इंजिनच्या बाजूला जमतं. बोट ट्रेलरवर परत घ्या आणि झटक्यात ओढून काढू नका, तेवढ्या वजनासाठी ट्रेलर बनवलेला नसतो, इंच इंच वर घ्या म्हणजे ज्या भोकातून आलं त्यातूनच पाणी गळून जाईल. तुमचं घोटाभर होतं म्हणजे तुम्ही लवकर बघितलंत. शाबास म्हणायला हवं खरं तर.

आता बायको. (हे मी जरा दबकत लिहितेय.) त्या ओरडत होत्या कारण तुम्हाला ऐकू येत नव्हतं, आणि त्यांचं 'डावीकडे' म्हणजे ट्रेलरचं डावं की गाडीचं, स्टिअरिंगचं की त्यांच्या हाताचं, हे आधी ठरलेलंच नव्हतं! मग भांडण होणार नाही तर काय होणार. तोंड बंद, हातवारे चालू. ज्या बाजूला ट्रेलर जायला हवा त्या बाजूला हात, दोन्ही हात वर म्हणजे थांब, बस एवढंच. खूण करणारी व्यक्ती आरशात दिसेनाशी झाली की गाडी थांबलीच पाहिजे, त्यावर वाद नाही. आणि एक वर्ष त्यांना गाडी चालवू द्या, तुम्ही मागे उभे राहा. बऱ्याच घरांत अदलाबदल केल्यावर कळतं की रिव्हर्स दुसऱ्यालाच चांगला येतो, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

मागे थांबलेल्या चार गाड्यांचं म्हणाल तर त्यातले दोघं मनातल्या मनात 'मी बूच लावलं का' हाच विचार करत होते, लिहून देते.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं. उतरवणीच्या दिवशी फिरायला जाऊच नका. पाहुणे बोलावू नका, पिकनिक ठेवू नका. उतरवा, बांधा, इंजिन पंधरा मिनिटं चालवा, तळात पाणी येतंय का ते बघा, धक्क्याच्या आसपास एक चक्कर मारा आणि घरी जा. सकाळी आठला पाच जण डबे घेऊन उभे असले की इंजिन नीट वाजत नसतानाही माणूस 'चला बघू' म्हणून निघतो, आणि गडबड तिथून सुरू होते. कुणी वाट बघत नसेल तर इंजिन चालू झालं नाही तरी काय बिघडतं, उद्या बघू. वाटल्यास वर्दळ नसलेला वार निवडा आणि भरती असताना जा, ओहोटीला रॅम्पचा खालचा भाग शेवाळलेला असतो, तिथे टायरही घसरतो आणि माणूसही. तुमच्या मुलीला पहिल्या दिवशी नेऊ नका, दुसऱ्या दिवशी न्या, मग बघा विकायचं म्हणते का.

प्रश्न: लाकडी नाव घेतलीय, जुनी, फळ्या जोडून केलेली. विकणारे गृहस्थ म्हणाले पाण्यात सोडल्यावर दोन दिवस गळेल, काळजी करू नका. काळजी करू नका म्हणजे काय? गळणारी नाव बघत मी शांत कसा बसू?

उत्तर: शांत बसू नका, पंप घेऊन बसा. ते गृहस्थ खरं बोलतायत. महिनोन्महिने कोरड्यात राहिली की फळ्या सुकून आकसतात, सांधे उघडे पडतात, पाण्यात गेल्यावर लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि सांधे आपोआप मिटतात. एखाद दिवस, कधी दोन-तीन. पहिल्या रात्री तिला एकटं सोडायचं नाही, ऑटोमॅटिक पंप आधी बादलीभर पाणी ओतून चालतो का बघायचा आणि त्याच्या जोडीला हातपंप ठेवायचा, कारण बॅटरी नेमकी पहाटेच संपते. उतरवायच्या आधी काही दिवस आतून ओली गोणपाटं अंथरून ठेवलीत तर बरंच काम जमिनीवरच होतं. फटी दिसल्या म्हणून कोरड्या असतानाच त्यात कापूस ठोकून ठोकून गच्च भरू नका हां, फळ्या फुगल्या की त्यांना जागाच उरत नाही आणि मग आतल्या फासळ्यांसारख्या वाशांवर ताण येतो. गळती रोज कमी होत गेली पाहिजे. तीन दिवसांनीही पहिल्या दिवसाइतकीच असली किंवा एकाच ठिकाणाहून धार लागली तर ते फुगणं नाही, बाहेर काढा आणि सुताराला दाखवा.

प्रश्न: आमची शिडाची बोट क्रेनने उतरवतात. पट्ट्यांत लटकलेली बघितली की मला खरंच चक्कर येते, मी डोळे मिटून घेते. त्या वेळी मी काही करायचं असतं का?

उत्तर: डोळे नेमके तेव्हाच उघडे ठेवायचे असतात. क्रेनवाल्याला आधीच सांगून ठेवा की पाण्याला टेकल्यावर पट्टे लगेच सोडू नका, पाच मिनिटं तसेच धरून ठेवा. ती पाच मिनिटं तुमची. पळत आत जा, तळाच्या प्रत्येक व्हॉल्व्हला हात लावून बघा, नळीच्या सांध्यावरून कोरडं बोट फिरवा, प्रॉपेलरचा दांडा, म्हणजे शाफ्ट, जिथून बाहेर जातो तिथे टॉर्च मारा. ओलं लागलं तर अजून बोट त्यांच्या हातात आहे, परत वर उचलतील, हसतील कदाचित, हसू देत. आणि लटकलेली असताना खाली जायचं नाही, ब्रशने राहिलेला रंग मारायचा मोह झाला तरी नाही. रंगावरून आठवलं, तळाला जो जस्ताचा ठोकळा असतो त्याच्यावर रंग लावला नाहीत ना? तो गंजून झिजावा म्हणूनच तिथे बसवलेला असतो, रंगवला की त्याच्याऐवजी प्रॉपेलर झिजायला लागतो. गोड्या पाण्यात असाल तर जस्त फारसं कामाचं नाही, तिथे मॅग्नेशियमचा लागतो. आणि डोलकाठी उभी करायच्या आधी एकदा मान वर करून विजेच्या तारा कुठून गेल्यात ते बघा, पाण्याकडे बघायच्या नादात वर कुणी बघतच नाही.