रॉक शो आणि समेची जागा

प्रश्न : मी नाशिकला लग्नाचे फोटो काढतो. पुढच्या महिन्यात पुण्याला मित्राच्या बँडचा शो आहे आणि फोटो मीच काढायचे असं ठरलंय. रॉक कॉन्सर्ट कधीच शूट केलेला नाही. क्रॉप सेन्सरचा कॅमेरा, १८-५५ ची किट लेन्स, ५० एमएम १.८ आणि दोन फ्लॅश एवढं सामान आहे. सेटिंग काय ठेवू? आणि मित्र असला तरी पैसे मागावेत का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही फ्लॅश घरीच राहू द्या. वाजवणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत जातो, शिवाय लाइटवाल्याने मेहनतीने उभा केलेला रंग एका क्षणात धुऊन निघतो. मोठ्या शोंमध्ये तर फोटोग्राफरला पहिली तीन गाणी मिळतात, तीही विनाफ्लॅश; मग स्टेजसमोरच्या पिटमधून बाहेर. तुम्हाला मित्राच्या कृपेने अख्खा शो मिळतोय, तर सवय आत्ताच लावून घ्या.

सेटिंगच्या आधी बँडकडून गाण्यांची यादी मागून घ्या आणि एका रिहर्सलला जाऊन बसा. कॅमेरा नेला नाही तरी चालेल. लग्नात हार पुन्हा घालायला लावला तरी कुणी चिडत नाही. इथे गिटारवाला तुमच्यासाठी थांबणार नाही, आणि थांबलाच तर तो फोटो रिसेप्शनचा दिसेल.

माझा पहिला रॉक शो मुंबईत धोबी तलावाजवळच्या रंगभवनातला. १९८६ साली सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक, म्हणजे सगळ्यांचा आय-रॉक, जिथे गाजला तेच हे उघडं नाट्यगृह. ४०० आयएसओचा ब्लॅक अँड व्हाइट रोल १६०० ला पुश करायचा, म्हणजे १६०० चा समजून शूट करायचा आणि धुताना जास्त वेळ डेव्हलप करायचा, एका रोलमध्ये ३६ फ्रेम, आणि मागून काळ्या टी-शर्टवाल्या पोरांचे धक्के. तोवर मी फक्त शास्त्रीय मैफली शूट केल्या होत्या. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना गवयाचा हात कसा खाली येतो, तबलजीची मान कशी हलते, ते टिपायची सवय होती. रॉकमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण थोड्या वेळात लक्षात आलं की समेची जागा इथेही आहे, फक्त ती ड्रमरकडे आहे. मोठा ठोका यायच्या आधी त्याचे खांदे वर जातात, कोपर बाहेर येतात, आणि नेमक्या त्याच ठोक्यावर गिटारवाला उडी मारतो, गायक मान मागे टाकतो, मागचे सगळे दिवे एकदम पेटतात. मग मी गायकाकडे बघणं सोडलं. कॅमेरा त्याच्यावर रोखलेला, उघडा डोळा ड्रमरच्या खांद्यावर. आजही तसंच करते.

आता आकडे. ५० एमएमच वापरा. तुमच्या लहान सेन्सरच्या क्रॉप बॉडीवर ती साधारण ७५-८० एमएमसारखी बसते, छोट्या स्टेजला पुरते. किट लेन्स एखाददुसऱ्या गर्दीच्या वाइड फ्रेमपुरती. मॅन्युअल मोड, एफ/२, शटर १/२५०, आयएसओ ३२०० पासून सुरुवात. फोटोत दाणे दिसतील, त्या ग्रेनला घाबरू नका, हललेला चेहरा मात्र दुरुस्त होत नाही. मीटरिंग स्पॉटवर ठेवून फक्त चेहऱ्यावरचा उजेड मोजा, नाहीतर मागचा काळोख बघून मीटर जास्त उजेड मागतो आणि चेहरा पांढराफटक होतो. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने जेपेग न केलेली मूळ फाइल, हवीच. एलईडीचा निव्वळ लाल उजेड पडला की गाल-नाक सगळं एक लाल ठिगळ होतं. तेव्हा एक स्टॉप कमी करा, म्हणजे उजेड निम्म्यावर आणा, किंवा रंग बदलेपर्यंत दम धरा. मिररलेस असेल तर सायलेंट शटर बंद, एलईडीखाली फोटोभर पट्टे येतात.

उभं राहताना मधोमध नको, माइक तोंडावर येतो. थोडं बाजूला सरका आणि ओळ संपवून गायक माइकपासून मागे होतो तो क्षण धरा. मागून पांढरा दिवा असेल तर त्याच्या तोंडातून उडालेली थुंकीसुद्धा धुरात चमकताना दिसते. ऐकायला कसंतरी वाटेल, पण मला असे फोटो फार आवडतात. ड्रमर बिचारा सिम्बलच्या, म्हणजे ड्रमसेटवरच्या झांजांच्या, आड असतो. दोन सिम्बलच्या मधल्या फटीतून त्याचा चेहरा शोधा. बँडच्या फोटोत ड्रमर नसणं हा आपल्याकडचा जुना अन्याय आहे.

आणि फोकसचा बाऊ नको. १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये ‘द क्लॅश’ या ब्रिटिश पंक बँडचा पॉल सिमोनन बेस गिटार आपटत असताना पेनी स्मिथने काढलेला फोटो धूसर आहे. तो कव्हरवर नको असं तिचंच म्हणणं होतं. बँडने ऐकलं नाही, आणि ‘लंडन कॉलिंग’ या अल्बमचं कव्हर म्हणून तो जगभर पोचला.

इअरप्लग विसरू नका. १०० डेसिबलला १५ मिनिटांच्या पुढे कानांना धोका धरतात, आणि तुम्ही स्पीकरच्या पुढ्यातच असणार.

पैसे? मागा. मित्राला जमत नसेल तर कमी घ्या, पण प्रत्येक फोटोखाली नाव हवं आणि आयोजकाने किंवा प्रायोजकाने जाहिरातीत वापरला तर वेगळे पैसे, हे शोच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना लिहून घ्या. आणि सगळ्या फाइली देऊ नका. वीस-पंचवीस निवडून द्या, त्यात ड्रमरचे दोन तरी असू द्या.