पद्माला खोटं बोलू दे

सोलापूर

चि. लेखिकेस,
अनेक आशीर्वाद.

मुलांसाठी लिहिलेली तुझी पद्माची कथा दोनदा वाचली. दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन. रात्री भिजवलेली तेंदूची पानं सकाळी ओल्या फडक्यातून काढताना घरभर सुटणारा कडसर वास तू दोन ओळींत आणलास, तिथं मी थांबलेच. आई पत्र्याचं माप पानावर ठेवून कात्री चालवते आणि शेजारी बसलेली पद्मा विडीची तोंडं नखानं आत दुमडते, हे तू स्वतः पाहिलेलं आहेस. ऐकीव माहितीवर असं लिहिता येत नाही.

आणि मग चौथ्या पानावर मराठीचे सर येतात. पद्माची वही बघतात, गहिवरतात, तिचा खर्च उचलतात, शिक्षणाचं महत्त्व सांगतात. पद्माच्या डोळ्यांत पाणी येतं, कथा संपते. अगं, ही गोष्ट सरांची झाली. जे काही करायचं ते त्यांनीच केलं. पद्मानं फक्त रडायचं काम केलं.

इतकं ठामपणे सांगते, कारण मीही हेच केलं होतं. गिरणी बंद पडलेल्या कामगाराच्या मुलावर मी एक कथा लिहिली होती. एका स्पर्धेत तिला बक्षीस मिळालं. मोठ्या माणसांनी, वाचताना गळा दाटून आला, म्हणून पत्रं पाठवली. त्या भरात ती मी सातवीच्या वर्गात वाचून दाखवली. वर्ग शांत होता, मला वाटलं रंगलाय. संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "बाई, पण त्या पोराला पाहिजे काय होतं?" मला उत्तर देता आलं नाही. त्या मुलावर काय काय कोसळतं ते मी बारा पानं लिहिलं होतं. त्याला काय हवंय, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता.

तोच प्रश्न आता तुला विचारते. पद्माला काय हवंय? "शिकून मोठं व्हायचंय" असं सांगू नकोस. ते आपल्याला तिच्याकडून हवंय. अकरा वर्षांच्या मुलीला गड्ड्यावरच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेतल्या, मोठ्या पाळण्यात बसायचं असतं. संक्रांत तोंडावर आलेली, वर्गातल्या तिघी जाणार, पाळणा वर गेला की सगळं सोलापूर दिसतं असं त्यातली एक सांगते. आणि पद्माकडे पैसे नाहीत. एवढी इच्छा पुरे. मोठ्यांना ती क्षुल्लक वाटते, पण त्या वयात तिच्यापायी रात्रीची झोप उडते.

आता तिला काहीतरी करू दे, आणि ते चुकीचं असलं तरी चालेल. समज, घरी वळलेल्या विड्यांचा माल कारखान्यात पोचवायला तीच जाते. वाटेत दोन बंडलं काढून घेते, कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला विकते आणि घरी येऊन सांगते, "खराब म्हणून काढून टाकल्या." आई गप्प बसत नाही. दुसऱ्या दिवशी पदर खोचून निघते, कारखान्यात विड्या तपासणाऱ्या माणसाला जाब विचारायला. त्या माणसानं आजवर शंभरदा अन्याय केला असेल, पण या वेळी त्याचा काहीच दोष नाही. आणि हे फक्त पद्माला ठाऊक आहे. बघ, आता कथा कुणाच्या हातात आली.

इथं गरिबी आहेच, मजुरी आहे, आईचे कष्ट आहेत. तुला जे सांगायचं होतं त्यातलं काहीही गळालं नाही. फक्त ते सांगायला सर लागले नाहीत. लोक विचारतात, मुलांच्या कथेचा विषय कसा निवडायचा. मी विषयापासून सुरुवात करतच नाही. आधी मूल, मग त्याला हवी असलेली एक वस्तू, मग आड येणारं माणूस. पर्यावरण, समता, प्रामाणिकपणा असे शब्द डोक्यात ठेवून कथेला बसलं की पात्रं फलक घेऊन उभी राहतात, आणि मुलांना फलक दुरूनच ओळखू येतात.

'श्यामची आई' तुझ्या घरी असेलच. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. आपण मोठी माणसं तिच्यातला आईचा उपदेश लक्षात ठेवतो. पण मी वर्गात वाचायची तेव्हा मुलं कुठं सावरून बसायची ठाऊक आहे? श्याम पोहायच्या भीतीनं माळ्यावर लपून बसतो तिथं. तो भितो, लपतो, मार खातो. भेकड म्हणवून घेणं काय असतं हे वर्गातल्या निम्म्या पोरांना माहीत असतं. उपदेश त्यानंतर ऐकला जातो, कारण तो आपल्यासारख्याच मुलाला केलेला असतो. पुन्हा वाचताना श्यामच्या चुकांवर खुणा करत जा.

पद्माच्या आईबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथं माझं मन दुखलं. तू तिला खोकणारी, कपाळाला हात लावणारी, "आमच्या नशिबात हेच" म्हणणारी केलीस. खोकला खरा आहे, तंबाखूची धूळ खरी आहे. पण याच बायका लाल झेंडा घेऊन कलेक्टर कचेरीवर गेलेल्या आहेत. सोलापूरजवळ कुंभारीला विडी घरकुल उभं आहे, कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची वसाहत. दहा हजारांच्या आसपास घरं आहेत ती, आणि विडी वळणाऱ्या बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून ती मिळवली. अशी बाई लेकीसाठी जाब विचारायला निघते तेव्हा तिची चाल कशी असेल, चप्पल कशी वाजत असेल, वाटेत भेटणाऱ्या शेजारणीला ती काय सांगेल, याचा विचार कर. तू तिची कीव केलीस आणि कीव करताना ती तुला नीट दिसली नाही. आणि ही कथा विडी घरकुलातल्याच एखाद्या मुलीच्या हातात पडेल, हे धरून चाल. आपल्या आईला असं वाचून तिला काय वाटेल?

तपासणारा माणूसही तसाच. पिळदार मिशा आणि लाल डोळे काढून टाक. त्याच्याही घरी एक मुलगी असू दे, पद्माच्याच शाळेत, एक इयत्ता पुढं. त्यानं मायाळू व्हायची गरज नाही. पण मुलांना वाईट माणूस घरचाही दिसायला हवा. त्यांच्या ओळखीची वाईट माणसं घरचीच असतात.

भाषा. पद्मा सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजाच्या घरातली, घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दोन्ही आणि वर थोडी उर्दू. ती आईला "आई गं" कशी म्हणेल? अम्माच म्हणेल. मोठ्या बहिणीला अक्का. मैत्रिणींत "काय करायलीस?" म्हणेल, आणि भांडताना पोरासारखं "का बे" ही. तू निवेदन प्रमाण मराठीत ठेवलंस ते राहू दे, वाचकाला आधार लागतो. पण संवाद पुस्तकी करू नकोस. आणि सोलापुरी बोली फक्त विनोदी पात्राच्या तोंडी घालायची जी खोड आपल्याकडे आहे, ती तू लावून घेऊ नकोस. पद्मा ज्या बोलीत हसते त्याच बोलीत तिला रडू दे, खोटं बोलू दे, माफी मागू दे.

'किशोर'चे जुने अंक चाळ. बालभारतीनं १९७१ साली हे मासिक सुरू केलं, जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. एकेका दशकातले दोन-चार अंक घे आणि कथेतलं मूल कुठं राहतं, त्याचे वडील काय करतात, शेवटी प्रश्न कोण सोडवतं, एवढंच वहीत लिहीत जा. महिनाभरानं ती वही माझ्या पत्रापेक्षा जास्त शिकवेल.

तू विचारलं होतंस की चौदा-पंधराच्या मुलांसाठी लिहिताना काय बदलावं. लांबी किंवा अवघड शब्द हा मुद्दाच नाही. त्या वयात मूल आईवडिलांना पहिल्यांदा बाहेरून बघतं. अकराची पद्मा आईच्या रागाला घाबरेल. पंधराची पद्मा मैत्रिणींसमोर आईच्या हाताला येणाऱ्या तंबाखूच्या वासाची लाज बाळगेल, आणि रात्री त्या लाजेची तिला लाज वाटेल. हे लिहायचं धाडस कर. शरीर, पाळी, कुणीतरी आवडणं, जात कळण्याचा पहिला दिवस, हे सगळं त्यांच्या आयुष्यात असतंच. पुस्तकात नसलं तर ती मोबाइलवर शोधतात, आणि तिथं त्यांच्याशी नीट बोलणारं कुणी नसतं.

सोलापुरात इंग्रजांनी लादलेल्या १९३० च्या मार्शल लॉवर, लष्करी अंमलावर, लिहायचं म्हणतेस, जरूर लिही. पण चार हुतात्म्यांना थेट मध्यभागी उभं करू नकोस, त्यांच्यापुढं तुझी लेखणी हात जोडूनच उभी राहील. त्या मे महिन्यात ज्याचा बाप दोन रात्री घरी आला नाही आणि ज्याला धान्याच्या कणगीत लपवलेला झेंडा सापडला, अशा एका पोराच्या मागं जा. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली, ती बातमी त्याच्या गल्लीत कशी पोचली एवढंच तुला लिहायचंय. पण ते नंतर. आधी पद्मा.

शनिवारी आमच्याकडे पाण्याची पाळी आहे, रविवारी चारनंतर मी मोकळी. अम्मा कारखान्याच्या दारापर्यंत पोचली आहे, पद्मा मागून पळत येऊन तिचा पदर धरते, तिथपासून ती पहिला शब्द बोलेपर्यंतचं एकच पान लिहून आण. ती काय बोलते ते मात्र आत्ताच ठरवू नकोस.

तुझी
बाई