आईच्या बारा किलोमीटरबद्दल, जरा उशिरानं उत्तर

भाऊ, तुमच्या आईची केमो जूनमध्ये संपली, आता त्यांना गावापासून आर्वीपर्यंत बारा किलोमीटर चालून नागपूरच्या तुकडोजी महाराजांच्या नावाच्या कॅन्सर हॉस्पिटलसाठी पैसे जमवायचेत, तर जमेल का असं विचारलंत. मी हेच केलं होतं तीन वर्षांआधी, छातीच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर दहाव्या महिन्यात.

जमते. डॉक्टरला विचारून, हिमोग्लोबिन पाहून, हे तर तुम्ही करालच. माझी केमो पॅक्लिटॅक्सेलची होती, त्यानं तळपाय बधिर होतात. सरावाला कॅनलच्या रस्त्यानं चार किलोमीटर गेली, घरी येऊन मोजा काढते तं टाचेपाशी रक्तानं चिकटलेला, बुटात तुराटीचा तुकडा गेला होता अन् मला पत्ताच नाही! तेव्हापासून दर दोन किलोमीटरला बसायचं, बूट झटकायचा अन् तळवा डोळ्यानं पाहायचा. नवीन बूट त्या दिवशी नकोच. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या खांद्यावर पिशवी देऊ नका, हात लोंबत राहिला की सुजतो, मधून मधून वर धरून मूठ उघडझाप करायची. मागं एक गाडी ठेवा, आणि आई म्हणाल्या बस झालं तर बस झालं, पाचव्या किलोमीटरला का असेना.

चालण्यापेक्षा मला वहीनं जास्त दमवलं. किलोमीटरमागं दहा रुपये असं लोकांनी हौसेनं लिहून दिलं, नंतर एकशेवीस रुपयांसाठी एकेका घरी तीन-तीन चकरा. म्हणून ठोक रक्कम घ्या, आधीच घ्या. अन् संक्रांतीच्या आसपासचा रविवार धरा, ऊनही नसते आणि कापसाचे पैसे बऱ्याच घरी आलेले असतात.

माझी चूक म्हणजे मी नगदी पैसे घरी डब्यात ठेवले. आठ दिवसात कुजबुज सुरू, इचा उपचार तं केशरी कार्डावर फुले योजनेत फुकट झाला, मग हे पैसे कोठी चालले? उपचार योजनेतच झाला होता, खोटं काय बोलू, पण त्या रात्री मी जेवली नाही. मग हॉस्पिटललाच फोन करून त्यांच्या खात्याचा नंबर घेतला, पैसे थेट तिथं, पावती देणाऱ्याच्या नावानं, अन् यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. तुम्ही पहिल्या दिवसापासून असंच करा. मास्तर लोक ८०जीचं, म्हणजे देणगीवरच्या इन्कम टॅक्सच्या सुटीचं, विचारतातच, त्यांना सांगा की २००० च्या वर नगदी दिलं तर सूट नाही, आणि जुन्या कररचनेत असाल तरच कामाची. म्हाताऱ्यांना यातलं काही लागत नाही, महाराज १९६८ मध्ये कॅन्सरनंच गेले एवढं त्यांना ठाऊक असते, आमच्या भजन मंडळानं तर न मागता दिलं.

एक राहिलंच. पानठेल्यावर एक जण गालात खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण, धरून म्हणे, "लिहा ताई शंभर, कॅन्सरसाठी." मी लिहिले. पावती द्यायला गेली तेव्हा मात्र म्हटलं, भाऊ तोंड उघडा, तीन बोटं उभी घालून दाखवा. दोनच गेली, तीही जोर लावून. तिखट झोंबते म्हणून सहा महिन्यांपासून तो वरण-भातच खात होता, घरच्यांना वाटे पोट बिघडलं. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं त्याला. कॅन्सर नव्हता, पण सुपारीनं गालाची कातडी आखडली होती, तिथून पुढं तो होऊ शकतो म्हणाले. खर्रा सुटला का विचाराल तर दिवसाचे आठचे दोन झालेत. माझ्या मागची पाण्याची गाडी त्याचीच होती अन् बारा किलोमीटर त्यानं पुडी काढली नाही, मी सारखी मागं वळून पाहत होती ना!

आईंच्या पायाला मुंग्या येतात का, रात्री जास्त की दिवसा, तेवढं विचारून लिहा, मग बुटाचं सांगते.