डोमेन कुणाच्या खात्यात आहे, ते आधी बघा

तुम्ही लिहिलंय की वेबसाइट करून घ्यायला तीन प्रोग्रामरांची कोटेशनं आलीत, त्यातलं तुम्हाला काही कळत नाही, आणि सगळ्यात स्वस्त असलेला म्हणतोय, "डोमेन-होस्टिंगचं टेन्शन घेऊ नका, मी बघतो." (डोमेन म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, होस्टिंग म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा.) हे वाचलं आणि माझी जुनी जखम ठसठसली. कोटेशनांचं नंतर बोलू.

माझा प्रोग्रामरही हेच म्हणाला होता. माणूस वाईट नव्हता, काम झकास केलं. फक्त डोमेन त्याने स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर घेतलं. पैसे मी दिले होते, म्हणून ते माझंच असं मी धरून चालले. दोनेक वर्षांनी त्याने नोकरी धरली आणि तो जुना ईमेल बघणंच सोडलं. नूतनीकरणाची सगळी स्मरणपत्रं तिकडेच जात राहिली.

एक दिवस साइट गेली. ते लगेच दिसलं. पण माझा ईमेलही त्याच डोमेनवर होता, तोही गेला, आणि हे लक्षात यायला चार दिवस लागले. मला वाटत होतं, या आठवड्यात कुणी विचारलंच नाही!

मग डोमेन विकणाऱ्या कंपनीचा मदत कक्ष. मी पावत्या पाठवल्या, बँकेचे उतारे पाठवले. दर वेळी नवा तिकीट नंबर आणि तेच एक वाक्य: "कृपया खातेदाराने संपर्क साधावा." अहो, खातेदार सापडत असता तर तुमच्या दारात कशाला आले असते? आज शांतपणे विचार केला तर त्यांचंही बरोबर होतं, त्यांच्या नोंदीत मालक तोच. पण पुढे काय होणार, मुदत किती, एवढं तरी एखाद्याने सांगायचं. ते मी स्वतः शोधलं: .कॉम डोमेन मुदत संपल्यावर कंपनी काढून टाकते, त्यानंतर ३० दिवस जादा शुल्क भरून परत मिळवता येतं, आणि त्यानंतर ५ दिवसांत ते कुणालाही घ्यायला मोकळं होतं. मी त्या ३० दिवसांतल्या शेवटच्या आठवड्यात होते. प्रोग्रामरचा एक जुना सहकारी भेटला, त्याच्यामार्फत तो सापडला म्हणून वाचले, नाहीतर नाव गेलंच होतं.

तेव्हा डोमेन तुमच्या खात्यात, तुमच्या कार्डावर घ्या, आणि खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. नाहीतर किल्ली कुलपाच्या आत. प्रोग्रामरला हवा तेवढा प्रवेश द्या, पासवर्ड देऊ नका. होस्टिंगचंही तसंच. कोडसाठी गिटहबवर (कोड ऑनलाइन साठवायची सेवा) तुमचं खातं उघडा आणि पहिल्या दिवसापासून त्याला तिथेच काम करायला सांगा. "शेवटी झिप पाठवतो" ऐकू नका. शिवाय कोडचे हक्क तुमच्याकडे येतील असं लेखी घ्या. बऱ्याच देशांत बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या कोडचे हक्क लेखी करार नसेल तर त्याच्याकडेच राहतात. मी वकील नाही, तुमच्याकडचा नियम विचारून घ्या.

निवडीबद्दल माझं मत (पटलं नाही तर सोडून द्या): त्याने केलेल्या चकचकीत साइटी बघून आपल्यासारख्यांना काही कळत नाही. त्याचं काम घेऊन दोन वर्षं झालेला ग्राहक गाठा आणि विचारा, साइट बंद पडली तर फोन कुणाला करता, आणि तो उचलतो का? स्वस्तवाला यात पास झाला तर खुशाल घ्या. पैसे टप्प्याटप्प्यानेच द्या, हे सांगायला नकोच.

जाता जाता: कोटेशनमध्ये एसएसएल प्रमाणपत्राची (साइटचं कनेक्शन सुरक्षित करणारं, ब्राउझरमध्ये https दाखवणारं) वेगळी वार्षिक रक्कम असेल तर कशासाठी ते विचारा. साध्या साइटला लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा सेवेचं फुकट प्रमाणपत्र चालतं. मी ते पैसेही भरत होते.

डोमेन अजून घेतलं नसेल तर आज रात्रीच स्वतः घेऊन टाका, वीस मिनिटांचं काम आहे. त्याने आधीच घेतलं असेल तर आगाऊ रक्कम देण्याआधी तुमच्या खात्यात वळवून मागा. का-कू करायला लागला तर उरलेल्या दोघांना फोन करा.