दोर कोणाकडे?

"ड्राय बाल्कनीत पेट्रोलचे चार कॅन आहेत हो," वहिनी फोनवर दबक्या आवाजात म्हणाल्या. "दहा-दहा लिटरचे. वर जुनी चादर टाकलीय. शेजारीच वॉशिंग मशीन आहे."

पहिल्या भेटीआधी कुणाला 'हे करा, ते करा' सांगू नये, असं आम्हा समुपदेशकांना शिकवतात. मी मात्र त्यांना सांगितलं, आधी मशीन बंद करा आणि आज रात्रीच्या आत ते कॅन घराबाहेर काढा. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते, तिला स्विचची एक ठिणगी पुरते. त्यांच्या नवऱ्याला, दादांना, ते पटलं नाही. त्यांना पटली ती दुसरी गोष्ट: साठवलेलं पेट्रोल काही महिन्यांत खराब व्हायला लागतं. माल खराब होणं हे त्यांना सहनच होत नाही. कारखान्यात क्वालिटी तपासणारे माणूस.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, नावही देत नाही. त्यांना दादाच म्हणते. वय ४९, राहायला कोथरूड, नोकरी भोसरीत. कारखाना पेट्रोल इंजिनाचे सुटे भाग बनवतो. घरी बायको, इंजिनिअरिंगला असलेला मुलगा आणि आई. २०२४ च्या १ आणि २ जानेवारीला टँकरचालकांनी संप केला, तेव्हा दादा पंपाच्या रांगेत दोन तास उभे होते. पुढच्या माणसाची टाकी भरली आणि पंपवाल्याने हात हलवून सांगितलं, संपलं. दोन दिवसांत सगळं सुरळीत झालं. दादा मात्र त्या रांगेतच राहिले. रात्री अडीचला उठून क्रूडचा, म्हणजे कच्च्या तेलाचा, भाव बघायचा, मग बातम्या, मग पहाटेपर्यंत छताकडे बघत पडायचं.

"तेल संपलं तर पुढच्या पिढीचं काय होणार?" हा प्रश्न हल्ली बरेच जण घेऊन येतात. पूर्वी लग्न, सासू, परीक्षा असायचं. म्हणून ही हकिगत लिहिते आहे; त्यात माझी चूकही आहे.

चूक अशी, की पहिल्या भेटीत मी म्हणाले, "अहो, माणूस काहीतरी शोधून काढतोच की." दादांनी शांतपणे खिशातून घडी घातलेला कागद काढला. हबर्ट नावाच्या भूवैज्ञानिकाने १९५६ मध्ये सांगितलं होतं की अमेरिकेतलं तेल उत्पादन १९७० च्या आसपास शिखर गाठेल. १९७० ला गाठलं. १९७३ मध्ये अरब देशांनी पुरवठा आवळला आणि काही महिन्यांत तेल चौपट महागलं. आपण तर ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. "आणि मॅडम, नुसतं पेट्रोल नाही. युरिया नैसर्गिक वायूपासून होतो. मार्केट यार्डात भाजी ट्रकने येते. डांबर, प्लास्टिक, औषधं. आईची बीपीची गोळीसुद्धा." गोळीशी आवाज जरा अडला.

या माणसाला धीर देण्याआधी त्याच्याइतका अभ्यास तरी करायला हवा होता. तो मी पुढच्या आठवड्यात केला.

दुसऱ्या भेटीत मी त्यांच्याच कागदावर पुढची ओळ लिहिली. हबर्टचं भाकीत खरं ठरलं. पण खडक फोडून तेल काढायचं तंत्र आलं आणि २०१८ पर्यंत अमेरिकेने १९७० चा उच्चांकही मागे टाकला. 'साठे पन्नास वर्षं पुरतील' असं जे म्हणतात, त्यातलं पन्नास म्हणजे माहीत असलेला साठा भागिले वर्षाचा उपसा. १९८० मध्ये तोच आकडा तीसच्या आसपास होता. म्हणजे तो उलटी मोजणी करणारं घड्याळ नाही. दादा सरसावून बसले. "म्हणजे संपणार नाही म्हणता?" तसं मी म्हणत नव्हते. सोपं तेल आधी संपतं; मग खोल समुद्रात, कडक खडकात जावं लागतं, खर्च वाढतो. तेल स्कूटरच्या टाकीसारखं एका दिवशी संपत नाही. ते महागतं, आणि मग प्रश्न येतो की कुणाला मिळणार आणि कुणाला नाही.

"हेच तर," ते म्हणाले. "कुणाला मिळणार?"

इथे मी त्यांना एक जुनाच व्यायाम दिला. वहीच्या पानावर तीन रकाने: माझ्या हातात, आमच्या हातात, कुणाच्याच हातात नाही. शिवाय काळजीला वेळ नेमून दिली, संध्याकाळी साडेसहा ते सात. रात्री विचार आला तर एका शब्दात टिपायचा आणि संध्याकाळसाठी ठेवायचा. झोप फारच विस्कटली होती म्हणून मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवलं. त्यात कमीपणा काही नाही.

वही आली ती बघण्यासारखी होती. पट्टीने आखलेली. 'माझ्या हातात'खाली एकतीस नोंदी: तांदूळ, मीठ, मेणबत्त्या, जादा सिलिंडर, गावाकडे जमीन बघणे. तिसऱ्या रकान्यात ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेपासून हवामानापर्यंत सगळं. मधला रकाना कोरा. शीर्षकाखाली एक पेन्सिलचा ठिपका होता, सुरुवात करून थांबल्यासारखा.

माझी नजर त्या ठिपक्यावर अडली. या माणसाच्या डोक्यातल्या भविष्यात पुणंच नव्हतं. होता एक फ्लॅट, त्याला आतून कडी आणि बाहेर गर्दी.

आमच्या व्यवसायातला एक आवडता चाळा आहे, मोठ्या काळजीच्या पोटात छोटी शोधायची. मीही म्हणाले, "दादा, विजेच्या गाड्या वाढल्या तर तुमच्या कारखान्याचं काय?" ते हसले. "मॅडम, तेल संपायच्या आधी माझं काम संपेल, हे मला माहितीये. पण दोन्ही काळज्या खऱ्या आहेत. एकीला दुसरीचा मुखवटा म्हणू नका." बरोबर होतं त्यांचं.

चौथ्या भेटीला आजींना, म्हणजे दादांच्या आईंना, घेऊन या म्हटलं. माझा हेतू उघड होता. आजी जन्माने पुण्याच्या, १२ जुलै १९६१ ला पंधरा वर्षांच्या. पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि शहराचं नळाचं पाणी गेलं. मला वाटलं, आजी सांगतील की तेव्हा लोक कसे एकमेकांना धरून राहिले.

"कुठलं आलंय धरून राहणं!" आजींनी माझ्याकडे बघून हात झटकला. "आमचा वाडा उंचावर, म्हणून पुरातून वाचला. वाड्यात विहीर होती, पण नळ आल्यापासून तिच्यात कोण बघतंय? दोरसुद्धा कुजलेला. एका बिऱ्हाडाकडे चांगला दोर होता. त्या बाईनं लपवला की गं! पहाटे स्वतःचं पाणी भरायची आणि दोर पुन्हा माळ्यावर. माझ्या आईनं तिच्याशी असं भांडण केलं, की रस्त्यावरची माणसं थांबून ऐकत होती."

दादांनी ही गोष्ट कधी ऐकलेली नव्हती. "मग?"

"मग काय, वाड्यातल्या पुरुषांनी पंचाईत बसवली. दोर शिंप्याकडे ठेवायचा ठरलं, कारण तो दिवसभर दारातच बसलेला असायचा. बिऱ्हाडात माणसं किती त्यावर कळश्या. शिंप्याला दोन जास्त, दोर राखतो म्हणून. त्यावरही कुरकुर झालीच. पण पाणी मिळालं."

दादांनी वही उघडली आणि मधल्या रकान्यात लिहिलं, 'दोर कोणाकडे'. मी काहीच बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं हे आमचं निम्मं काम.

त्यानंतरच्या भेटीत मी त्यांना पाणी पंचायतीबद्दल सांगितलं. सासवडजवळच, नायगावची गोष्ट. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या पुण्याच्या कारखानदार इंजिनिअरने ती तिथे सुरू केली. पाणी जमिनीच्या हिशेबाने नाही, माणसांच्या हिशेबाने: माणशी अर्धा एकर भिजेल एवढं. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नाही. सगळ्या योजना पुढे टिकल्या नाहीत, हेही सांगितलं. अर्धवट सांगितलेलं दादा लगेच पकडतात.

त्यांनी क्यूबा काढला. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये कोसळला आणि क्यूबाचं तेल आटलं. चीनहून दहा लाखांवर सायकली आल्या, शहरातल्या मोकळ्या जागांत भाजी पिकू लागली. मी म्हटलं, हो, पण लोक वाळलेही. जीवनसत्त्वांच्या अभावाने पन्नास हजारांहून जास्त माणसांना नसांचा आजार झाला, कित्येकांची नजर अधू झाली. "म्हणजे वाईटही होऊ शकतं," दादा म्हणाले. होऊ शकतं. मी नाही म्हटलं नाही. पण त्या सायकली आणि ते वाफे एकट्यादुकट्याच्या बाल्कनीत झाले नव्हते.

पुढे त्यांनी सोसायटीच्या सभेत गच्चीवर सोलर बसवण्याचा आणि पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडण्याचा विषय मांडला. कोटेशनं तीन, तक्ता रंगीत. ठराव पडला. चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, गच्ची गळेल. दादा माझ्याकडे तणतणत आले. पाऊण तास फक्त सेक्रेटरी, वॉटरप्रूफिंग आणि मराठी माणसाचा सभेतला स्वभाव यावर बोलले. मी घड्याळ पाहिलं नाही. निघताना विचारलं, "क्रूड कितीवर आहे?"

ते थबकले. "बघितलं नाही दोन-तीन दिवसांत."

पाणी मुरवण्याचा ठराव पुढच्या सभेत झाला. सोलरचा अजून लटकलेला आहे. कारखान्यात विजेच्या गाड्यांचे भाग तपासायचं प्रशिक्षण निघालं, तिथे त्यांनी नाव दिलंय, जरा कुरकुरतच. झोप सहा तासांवर आली आहे.

परवा वहिनींचा फोन आला होता. कॅन गेले, त्या जागी आजींनी अळू लावलंय. पलंगाखाली अजून पंचवीस किलो तांदूळ आहे आणि तो ते हलवू देत नाहीत. "त्याचं काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"कडुनिंबाचा पाला घाला," मी म्हटलं. "किडे होणार नाहीत."